भेंडींतील हिरवा पतंग व त्याची अळी

देवळाली प्रवरा व कालव्याखालील आसपासच्या गांवांत भेंडी लावणाऱ्यांस एक अनुभव वारंवार येतो. पाणी व खत यथास्थित असतां कोवळे शेंडे एकाएकीं माना टाकितात. कोणी म्हणतो, उन्हानें सुकले. कोणी म्हणतो, दृष्ट लागली. आम्ही एवढेंच सांगतों कीं, तो शेंडा मोडून नखानें चिरून पाहावा. आंत बहुधा एक लहानशी अळी सांपडेल. ती कोठून आली, हें या पाठांत पाहूं.

पतंगाचें रूप. या अळीची आई एक लहान पतंग आहे. पंख पसरले असतां त्याची रुंदी सुमारें दोन ते अडीच सेंटिमीटर भरते. त्याच्या दोन जाती आपल्याकडे आढळतात. एकीचे पुढील पंख सबंध हिरवे असतात. दुसरीचे दुधाळ असून त्यांवर पाचरेसारखा हिरवा पट्टा असतो. मागील पंख पांढरट असतात. शास्त्रांत या पतंगास इअरिअस म्हणतात; शेतकरी अळीस ठिपक्यांची बोंडअळी म्हणतात. पतंग रात्रीं फिरतो व दिवसा पानाआड दडतो.

चार अवस्था. पहिली अंड्याची. मादी शेंडे, कळ्या व कोवळीं फळें यांवर एकेक सुटें अंडें घालिते. तें निळसर हिरवें व खसखशीहून लहान असतें. तीन-चार दिवसांत अळी निघते. ही दुसरी अवस्था. तिच्या मळकट अंगावर ठिपके व बारीक कांटे असतात. फुलें येण्यापूर्वीं ती शेंड्यांत शिरते, पुढें कळींत व शेवटीं फळांत. एक फळ पोखरून ती दुसऱ्यांत जाते; भोंकाच्या तोंडाशीं तिची विष्ठा दिसते व फळ वांकडें होतें. दहा ते पंधरा दिवसांनीं ती नावेच्या आकाराचा कोश विणिते; ही तिसरी. आठ-दहा दिवसांनीं त्यांतून पतंग निघतो, ही चौथी. उन्हाळ्यांत हें चक्र सुमारें तीन ते चार आठवड्यांत पुरें होतें. थंडींत अधिक काळ लागतो.

आतां हिशेब करूं. समजा, एका मादीनें दोनशें अंडीं घातलीं व त्यांतील वीसच जगलीं. त्यांत दहा माद्या धरल्या, तर दुसऱ्या पिढींत दोनशें व तिसरींत दोन हजार पतंग होतील. म्हणून पहिल्या आठवड्यांतील एक सुकलेला शेंडा उपेक्षूं नये.

उपाय. सुकलेले शेंडे व किडकीं फळें अळीसुद्धां तोडून नष्ट करावीं. बांधावर टाकूं नयेत, कारण तेथेंहि अळीचा कोश होतो. कापूस व अंबाडी हींहि तिचीं खाद्यें असल्यामुळें भेंडी त्यांच्या शेजारीं लावूं नये. पीक संपल्यावर झाडें उपटून टाकावीं. नर पतंग ओळखण्याकरितां हेक्टरीं पांच कामगंध सापळे लावावे. आरंभींच निंबोळीचा पांच टक्के अर्क फवारावा: पांच किलो कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यांत भिजवून, गाळून, एकंदर शंभर लिटर पाणी करावें. भारतांत 2002 सालीं बीटी कापसास परवानगी मिळाल्यापासून कापसावरील ही अळी पुष्कळ कमी झाली. भेंडीस मात्र तसें संरक्षण नाहीं.

विषारी औषध फवारणें भागच पडलें, तर डब्यावर सांगितलेले दिवस लोटल्यावांचून भेंडी तोडूं नये. भेंडी एकाआड एक दिवस तोडली जाते. आज फवारून उद्यां बाजारीं नेलेली भाजी कोणाच्या तरी मुलाच्या ताटांत जाते. शंका असल्यास 1968 सालीं स्थापन झालेलें राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ जवळच आहे, तेथें विचारावें.

एक सावधगिरी. प्रत्येक हिरवा पतंग वैरी नव्हे. कण्हेरीवर व सदाफुलीवर वाढणारा मोठा हिरवा पतंग हाताच्या पंजाएवढा असतो. त्याच्या अळीच्या मानेजवळ डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके असतात. तो भेंडीस शिवत नाहीं. मुलांनीं त्यास मारूं नये.

प्रश्न. 1. सुकलेल्या शेंड्याची परीक्षा कशी करावी? 2. पतंगाच्या चार अवस्था कोणत्या? 3. किडकीं फळें बांधावर कां टाकूं नयेत? 4. कण्हेरीचा पतंग कसा ओळखावा?

ज्यांस वाचतां येत नाहीं, त्यांस हा पाठ सायंकाळीं वाचून दाखवावा, व सकाळीं त्यांच्याबरोबर वाफ्यांत जाऊन एक शेंडा चिरून पाहावा.