अर्धवट औषध, दुप्पट टीबी

मैत्रिणींनो, बचत गटात आपण एक गोष्ट पक्की शिकलोय. हप्ता मध्येच थांबला की कर्ज फिटत नाही, उलट व्याज चढतं. टीबीचं, म्हणजे क्षयरोगाचं, अगदी तसंच आहे.

टीबीचा जंतू सापडल्याचं रॉबर्ट कॉक या जर्मन डॉक्टरांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केलं. म्हणून २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळतात. पुढे गुणकारी औषधं आली आणि श्रीमंत देशांत रोगी घटत गेले. तिथल्या सरकारांना वाटलं, रोग संपला! अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात टीबीच्या कामाचा पैसा कमी केला. त्यातच एचआयव्ही आला, बेघर माणसं वाढली. १९९२ साली त्या एका शहरात ३,८११ नवे रोगी नोंदले गेले, १९७८ च्या जवळजवळ तिप्पट. कित्येकांवर नेहमीची औषधंच चालेनात. मग आरोग्य कर्मचारी रोग्यासमोर उभे राहून रोजची गोळी गिळायला लावू लागले, तेव्हा कुठे आकडा उतरला. १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टीबी ही साऱ्या जगावरची आणीबाणी असल्याचं जाहीर केलं.

आज जगातल्या दर चार टीबी रोग्यांमागे एक आपल्या देशातला आहे. २०१९ साली देशात सुमारे २४ लाख रोगी नोंदले गेले, करोनाच्या २०२० मध्ये फक्त १८ लाख. रोग कमी झाला नव्हता, तपासणी कमी झाली होती.

गोळ्या मध्येच का सुटतात?

महिना-दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, बाई पुन्हा कामाला जुंपून घेते. वाटतं, बरी झाले. पण अंगात उरलेले जंतू चिवट असतात. ते औषधाला दाद देईनासे होतात. मग उपचार लांबतो, त्रासही वाढतो. आणि तोच चिवट टीबी घरातल्या लेकरांनाही लागू शकतो.

दुसरं कारण लाज. सुनेला टीबी झाला की तिला माहेरी धाडतात, म्हणून ती खोकला लपवते. खरं तर टीबी ताटवाटीने पसरत नाही, खोकल्यातून हवेवाटे पसरतो. योग्य औषध सुरू झालं की काही आठवड्यांत पसरण्याची भीती बरीच कमी होते.

लक्षात ठेवा

१. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री घाम, बेडक्यात रक्त: यातलं काहीही असलं तर तपासणी करा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे.
२. साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा. गोळ्यांनी लघवी लालसर होते, घाबरू नका. उलट्या होत असतील, डोळे पिवळे दिसत असतील तर लगेच डॉक्टरांकडे जा.
३. पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. टीबीच्या औषधाने त्यांचा असर कमी होतो.
४. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. आशाताईंकडे चौकशी करा.

बैठकीत बोलूया

आपल्या गटात कुणी बरेच दिवस खोकतंय का? तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाईल? आणि सहा महिने रोज "ताई, गोळी घेतली का?" हे कोण विचारेल? हप्त्याची आठवण आपण एकमेकींना करतोच. ही आठवणही करूया.