‘मला तिथे नाही जायचं’

सकाळी डबे भरायचे, लोकल गाठायची, आणि नेमकं तेव्हाच पोर दाराला धरून बसतं. ‘पाळणाघरात नको ना.’ आपण म्हणतो, ‘असं नाही करायचं बाळा, काकू किती छान आहेत!’ सगळेच म्हणतो. बहुतेक वेळा तो नुसता कंटाळाच असतो.

पण कधी कधी पोटात गोळा येतो. चड्डी बदलताना मूल अंग चोरतं, तिथल्या एखाद्या दादाचं नाव काढलं की गप्प होतं, बंद झालेली शू पुन्हा गादीत व्हायला लागते. तरी मन म्हणतं, नसेल तसलं काही. का म्हणतं, ठाऊक आहे? खरं निघालं तर उद्यापासून याला ठेवायचं कुठे? रजा संपलेल्या, सासूबाईंचे गुडघे दुखतायत. आपली ही अडचणच आपल्याला बहिरं करते.

म्हणून आधी जवळ घ्या. ‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझं काही चुकलं नाही,’ एवढंच म्हणा आणि ऐकत राहा. फार जड जातं हे! ‘त्यानेच केलं ना?’ असं तोंडात शब्द घालू नका. ते बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून तारीख घाला. अंगावरचे कपडे लगेच धुवायला टाकू नका.

आणि संस्थाचालकांकडे आधी धावू नका. ‘नाव खराब होईल, आपसात बघू’ असं ऐकून परत यावं लागतं. बदलापूरच्या शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या दोन चिमुरड्यांच्या पालकांना २०२४ साली पोलीस ठाण्यातही तासन्‌तास ताटकळावं लागलं; २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, तेव्हा राज्य हललं.

तरीही जायचं पोलिसांकडेच. पोलीस म्हटलं की आपण बिचकतो. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीत मुलाचा जबाब घरीही घेता येतो, तोही गणवेशाशिवाय. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते. प्रामाणिकपणे दिलेली माहिती चुकीची निघाली म्हणून तुमच्यावर कारवाई होत नाही. उलट, माहीत असून न कळवणं हा गुन्हा आहे. हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

१०९८, मुलांसाठीची ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत. नंबर आजच फोनमध्ये घाला, आणि पाळणाघराच्या दारात भेटणाऱ्या इतर आईबाबांनाही द्या.