फॅनबेल्टचा ताण : अंगठ्याने मोजलेले बल

पुण्याहून नगर रस्त्याने निघालात, की वाघोली लागते. तेथील खडीयंत्रांवर विजेच्या मोटारीची गती रबरी पट्ट्यांनी दगड फोडणाऱ्या जबड्याकडे नेली जाते. रस्त्यालगतच्या एखाद्या गॅरेजात जुन्या गाडीचे बॉनेट उघडलेले दिसले, तर आत डोकावून पाहा. तसाच, पण लहान पट्टा तेथे दिसेल. हाच फॅनबेल्ट.

२०१४ साली जिचे उत्पादन थांबले त्या अँबॅसेडर गाडीचे जुने पेट्रोल इंजिन उदाहरणासाठी घेऊ. त्यात हा एकच पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो फिरवतो. तो तुटला, की डायनामो थांबतो, पाणी फिरत नाही आणि इंजिन तापू लागते.

पट्टा पुलीला फिरवतो तो घर्षणाने. त्याचा छेद पाचरीसारखा असतो. पुलीच्या सुमारे ३८ अंशांच्या खाचेत तो दोन्ही बाजूंनी रुतून बसतो, त्यामुळे सपाट पट्ट्याच्या मानाने पकड जवळजवळ तिप्पट होते. झिजून खाचेच्या तळाला टेकलेला पट्टा हा फायदा गमावतो. तो बदलावाच लागतो.

पट्टा बदलताना इंजिन बंद व थंड हवे आणि किल्ली काढलेली हवी. डायनामो दोन बोल्टांवर झुलता बसवलेला असतो. तिसरा बोल्ट लांबट खाच असलेल्या पट्टीत असतो. हे तिन्ही बोल्ट सैल करून डायनामो इंजिनाकडे ढकलतात, जुना पट्टा पंख्याच्या पात्यांवरून काढतात आणि नवा चढवतात. मग डायनामो बाहेर ओढून बोल्ट आवळतात.

पण किती ओढायचा? सैल पट्टा घसरतो, किंचाळतो आणि तापतो. फार ताणलेला पट्टा पंपाची व डायनामोची बेअरिंगे खातो. म्हणून कारागीर सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठा दाबतो. पट्टा सुमारे सव्वा सेंटिमीटर दबला, की ताण योग्य.

या अंगठ्यामागचे गणित पाहू. दाबल्यावर पट्ट्याचे दोन्ही अर्धे भाग किंचित तिरपे होतात. त्यांतील ताणांचे उभे घटक मिळून अंगठ्याचे बल तोलतात. त्यावरून,

ताण = (दाबाचे बल × मोकळी लांबी) ÷ (४ × दबलेले अंतर)

समजा, बल ४० न्यूटन, लांबी ३० सेंटिमीटर आणि दबलेले अंतर १.२ सेंटिमीटर आहे. मग ताण २५० न्यूटन येतो. तेवढ्याच बलाने पट्टा ०.६ सेंटिमीटरच दबला, तर ताण ५०० न्यूटन, आणि बेअरिंगांवरचा भारही दुप्पट! नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैलावतो, म्हणून काही दिवसांनी पुन्हा तपासावा.

करून पाहा : दोरीचे एक टोक खिळ्याला बांधा. दुसरे टोक ६० सेंटिमीटरवर त्याच उंचीच्या हलक्या पुलीवरून सोडून त्याला १ किलोग्रॅमचे वजन टांगा. दोरीच्या मध्यावर १०० ग्रॅम टांगा. दोरी किती खाली येईल, ते सूत्रावरून आधी काढा आणि मग पट्टीने मोजा. उत्तर दीड सेंटिमीटरच्या जवळ यायला हवे. मात्र चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ बोट, ओढणी किंवा सैल बाही कधीही नेऊ नका.