हिरवं घर, पण एकटीच्या जिवावर नको

तू मोठ्या आवेशात सांगितलंस, "ताई, या वर्षी घरातलं प्लास्टिक, रसायनं, पाकिटातलं खाणं, सगळं बंद." ऐकून बरं वाटलं आणि जरा धास्तीही वाटली. आवेशानं धरलेली व्रतं पहिल्या पंधरवड्यातच मोडतात, आणि मोडली की सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना बोलायला विषय मिळतो. म्हणून जरा टेक, चहा घे आणि मोठ्या बहिणीचं ऐक.

माझं म्हणणं एवढंच. कुठलीही नवी सवय घरात आणताना आधी विचार कर, हिच्यामुळे काम वाढणार का? आणि वाढणार असेल तर ते करणार कोण? उत्तर दर वेळी ‘मीच’ असं येत असेल तर ती सवय टिकायची नाही. निसर्गाचं भलं करता करता बाईचं कंबरडं मोडलं, तर ते कसलं आलंय नैसर्गिक जगणं?

आणखी एक, खरेदीनं सुरुवात करू नकोस. पुण्या-मुंबईची बाई बांबूचा ब्रश, काचेच्या बरण्या, ऑरगॅनिकचं लेबल लावलेला तांदूळ आणते, तिचा नाइलाज आहे. तू सौंदडला राहतेस. मागे वाडी आहे, बांधीच्या धुऱ्यावर तूर आहे, गोठ्यात गाय आहे, एका अंगाला नवेगावचं आणि दुसऱ्या अंगाला नागझिऱ्याचं जंगल आहे. सासूबाई आजही कापडी पिशवी काखेत मारूनच बाजाराला निघतात. प्लास्टिकची पिशवी या घरात त्यांनी नाही आणली, आपल्या पिढीनं आणली. तेव्हा त्यांना शिकवायला जाऊ नकोस, विचारायला जा. निम्मं काम तिथंच होईल.

सुरुवात कचऱ्यापासून कर. त्याला पैसा लागत नाही आणि कुणाचं मन दुखत नाही. संध्याकाळी अंगण झाडायचं, पाल्याचा ढीग करायचा, त्यातच बिस्किटाचे पुडे, खर्र्याच्या पन्न्या, शाम्पूची पाकिटं लोटायची आणि काडी लावायची, ही आपल्याकडची घरोघरची रीत. तो धूर अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्याच नाकात जातो. पाला वेगळा, पन्नी वेगळी, एवढं जरी केलंस तरी जाळायला काही उरत नाही, कारण पाला तर खातकुड्यात जायचा असतो.

खातकुडा तुझ्याकडे आहेच, फक्त त्याला शिस्त नाही. शिस्त कशी लावायची ते पुसदच्या पांढरीपांडे काकांनी दाखवून ठेवलंय. सगळा महाराष्ट्र त्यांना नाडेप काका म्हणून ओळखतो. त्यांचं टाकं दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेली. आत काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, पुन्हा कचरा. वरून लिंपून टाकायचं. साडेतीन-चार महिन्यांत खत तयार. त्यातली मला भावलेली गोष्ट ही की शंभरेक किलो शेणात टाकंभर कचऱ्याचं खत होतं. गाय एकच असलेल्या घराला हे फार सोयीचं. तुला एवढं मोठं टाकं नको, घरापुरता खड्डा पुरे, पण थरांची पद्धत तीच ठेव.

महिनाभरानं काठीनं एक कोपरा उकरून बघ. आतून कोमट वाफ आली आणि पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास आला, तर खड्डा बरोबर चाललाय. नाकाला झोंबणारा, नासका वास आला तर समज की ओलं जास्त झालंय. मूठ-दोन मूठ तणीस किंवा वाळका पाला घालून वर-खाली कर. मुंग्या लागल्या असतील तर फार कोरडं झालंय, भांड्यांचं पाणी शिंपड. हे उकरायचं, बघायचं काम मुलांना दे. पोरांना घाण आवडते, आपण उगाच त्यांना त्यातून ओढून काढतो.

भांड्यांचं पाणी नालीत सोडण्याऐवजी वाडीत वळव. केळ, पपई, धोपा त्यावर मजेत वाढतात. भेदरे, सांबार, चवळी, पोपटीचा वेल कुंपणावर, एवढ्यानं हिवाळ्यात भाजीचा खर्च निम्म्यावर येतो. शेंगा तोडायला सासऱ्यांना सांग. म्हाताऱ्या माणसाला वाडीत काम मिळालं की घरातली किरकिर कमी होते, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

आता जरा नाजूक विषय, धान. गोंदिया-भंडाऱ्यात घर म्हणजे धान आणि धान म्हणजे घर. वर्षभराचा तांदूळ एकदाच काढून पिंपात भरतो आणि किडे लागू नयेत म्हणून त्यात बाजारातल्या गोळ्या टाकतो. हे आधी थांबव. त्या गोळ्यांना हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. बंद खोलीत तो माणसाचाही जीव घेतो, आणि आपल्याकडे पिंप ठेवलेली खोली बहुधा निजायचीच असते. उपाय सोपा आहे आणि सासूबाईंना ठाऊक आहे. धान धान म्हणूनच ठेव, टरफलासकट. ते उन्हात कडकडीत वाळवलं, वर कडुनिंबाचा पाला घातला की चांगलं टिकतं. दर महिना-दीड महिन्याला लागेल तेवढंच गिरणीवरून काढून आणायचं, आणि गिरणीवाल्याला सांगायचं, पॉलिश कमी मार. कोंड्यातलं सत्त्व पोटात जातं. भात जरा कमी पांढरा दिसतो, पाहुणे आल्यावर लाज वाटते म्हणशील. पाहुण्यांना चव विचार. गिरणीवर पोतं नेणं मात्र नवऱ्याचं काम, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाक.

शेताबद्दल नवऱ्याशी भांडू नकोस. "उद्यापासून युरिया बंद" म्हणालीस तर तो हसेल, आणि त्याचं चुकणारही नाही. सोसायटीचं कर्ज धानावरच फिटतं आणि रासायनिक खत तोडलं की पहिली एक-दोन वर्षं उतारा घटू शकतो. त्याला एवढंच म्हण, घरी खायच्या धानाची एक बांधी वेगळी कर. त्या बांधीत शेणखत, निंबोळी अर्क, जीवामृत. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी जीवामृत गावोगावी नेलं. एकराला 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती, दोन दिवस सावलीत ठेवून ढवळायचं. गूळ-बेसन ड्रममध्ये गेलेलं बघून सासूबाई कुरकुरतील, तेवढं सोस. पाळेकरांचं सगळंच मला पटतं असं नाही. पण एका बांधीत करून बघायला काय जातं? पीक बघून नवरा स्वतःच दुसऱ्या बांधीचं ठरवेल, किंवा नाही ठरवणार. तुमच्या ताटातला भात तर सुधारला.

बियाणंही घरचं ठेवा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांचं नाव तू ऐकलं असशील. तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. 1983 मध्ये आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या त्यांनी हेरल्या, बाजूला काढून वर्षानुवर्षं पेरून बघितल्या, आणि त्यातून एचएमटी तांदूळ उभा राहिला. आज देशभर लोक तो खातात. त्यांना पैसा मिळाला नाही. 2018 मध्ये ते गेले तेही हलाखीतच, ही आपल्या सगळ्यांना शरमेची गोष्ट. पण लोंबीकडे असं निरखून बघणारं कुणीतरी तुमच्याही घरी असू दे.

फवारणी करावीच लागली तर तो पंप बोडीत किंवा तलावात धुऊ देऊ नकोस. इथं मात्र वाद घातलास तरी चालेल. पूर्व विदर्भातले हे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळापासून बांधत आणलेले. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत मिळून ते साडेसहा हजारांवर आहेत. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना कुणी वाली उरला नाही. गाळ साचला, बेशरम माजली, देशी मासे हटले. मग तुझ्या शेजारच्या अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवर समाजातले लोक कामाला लागले. निमगावच्या शालू कोल्हेंसारख्या बायका पुढे झाल्या. तलावात उतरून बेशरम उपटली, माशांना खाऊ-आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती शोधून आणून लावल्या. मासे परतले आणि ढिवरांच्या घरात चार पैसे आले. तू एकटी तलाव साफ करायला जाऊ नकोस. पण बचत गटात विषय काढ, तिथं तुझ्यासारख्या दहा जणी सापडतील.

पावसाळ्यात पाकिटातल्या खाण्यावर रानभाजीसारखा उतारा नाही. तरोटा, पातूर, कुड्याची फुलं, काटवल, बांबूचे वास्ते. सौंदड महामार्गावर आहे म्हणून एक सांगते, रस्त्याकडेचा तरोटा कितीही कोवळा दिसला तरी तोडू नकोस, ट्रकांचा धूर त्यावरच बसतो. वास्ते चांगले उकळून ते पाणी फेकून दे, कच्च्यात विष असतं. सात्या ओळखणाऱ्या बाईकडूनच घे, आपल्या अंदाजावर अळंबी खायची नाही. आणि लाखोरीची डाळ कधीमधी, दुसऱ्या डाळीत मिसळून, गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून. दुष्काळात महिनोन्महिने तिच्यावरच जगलेल्या माणसांचे पाय कायमचे लुळे पडलेत. रानातलं आहे, गावठी आहे, म्हणून ते आपोआप चांगलं, हे डोक्यातून काढून टाक.

त्यावरून चुलीचं सांगते. कुणी म्हणेल, चुलीवरचं खाणंच खरं नैसर्गिक. म्हणणाऱ्याला एक दिवस फुंकणी हातात दे. त्या धुरानं आपल्या आयांचे डोळे आणि छाती खराब झाली. गॅस राहू दे. हिवाळ्यात अंगणात चुलीवर पाणी तापवायला, कधी भाकरी भाजायला ठीक आहे, पण हौसेपुरतं. वॉशिंग मशीन असेल तर तेही वापर, अपराधी वाटून घेऊ नकोस. सारवण आवडीनं होत असेल तर कर, नाहीतर फरशी पुसली तरी पृथ्वी बुडत नाही.

आता दार लोटून घे, हे आपल्या दोघींतलं. पाळीचे पॅड तू खातकुड्यात टाकू शकत नाहीस आणि जाळणंही बरं नाही, त्यात प्लास्टिक असतं. कापडी पॅड चांगले, पण एका अटीवर. ते धुऊन कडक उन्हात, उघड्यावर वाळले पाहिजेत. आपल्याकडे ते अंधाऱ्या खोलीत, परकराखाली लपवून वाळवतात, दमट राहतात आणि मग खाज, पांढरं जाणं, दवाखाना. घरात उन्हात वाळवायची मोकळीक नसेल तर कापडाच्या फंदात पडू नकोस. मेन्स्ट्रुअल कप बघ, नीट उकळून वापरला तर वर्षानुवर्षं चालतो. आधी नर्सताईंना किंवा डॉक्टरीणबाईंना विचारून घे. आणि काहीच जमलं नाही, पॅडच बरे वाटले, तर वापर. तुझ्या तब्येतीपेक्षा कचऱ्याचा हिशेब मोठा नाही.

लग्नकार्यात मात्र मागे हटू नकोस. पळसाच्या पानांच्या मुलखात आपण चकचकीत लेप लावलेल्या पत्रावळींवर जेवतो, याचं मला नवल वाटतं. राज्यात 2018 पासून थर्माकोलच्या ताटांवर बंदी आहे, तरी मांडवामागचा ढीग बघ. धाकट्या नणंदेच्या लग्नात पळसाच्या पत्रावळी आणि स्टीलचे पेले ठरव. पत्रावळी गावातल्याच बायका लावून देतील, मजुरी गावातच राहील. पेले धुवायला मात्र माणूस ठेवा, मांडवातल्या सुनांवर ते काम पडू देऊ नकोस.

एवढं सगळं एका वर्षात होणार नाही, व्हायलाही नको. या हिवाळ्यात खड्डा आणि वाडी, पुढच्या रोवणीला एक बांधी, बाकीचं घर आपसूक करत जाईल. फक्त एक गोष्ट थांबवून ठेवू नकोस. निजायच्या खोलीतलं ते गोळ्या टाकलेलं पिंप आजच नवऱ्याकडून बाहेर मोकळ्या हवेत काढून घे, उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं ते कृषी सहायकाला विचार, आणि मला फोन कर.