आधी वीट, मग रंग

सई,

विटांवर गिलावा करायचा नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवलंत ते छान केलंत. पण आता चौकटी, ग्रिल, छज्जे आणि दार यांच्या रंगावरून घरात दोन तट पडलेत म्हणे! तेव्हा शेडकार्ड मिटव आणि भिंतीसमोर उभी राहा. साडी घेऊन झाल्यावरच ब्लाउजपीस शोधतात. तुझी साडी घेऊन झाली आहे.

विटेला तांबडेपणा येतो तो मातीतल्या लोहामुळे. भट्टीत आच सगळीकडे सारखी लागत नाही, म्हणून एकाच भिंतीत नारिंगीपासून जांभळटपर्यंत छटा दिसतात. त्यातली सर्वांत काळपट वीट आणि दर्जांमधल्या सिमेंटचा करडा, हे दोन रंग विटेशी कधीच भांडत नाहीत. अहमदाबादच्या आयआयएममध्ये लुई कान यांनी विटांच्या कमानींखाली काँक्रीटचे पट्टे तसेच उघडे ठेवले. तिथे वेगळ्या रंगाची गरजच पडली नाही.

पांढरा हवा असेल तर निळसर झाक असलेला घेऊ नकोस, विटेशेजारी तो थंडगार दिसतो. सायीसारखा क्रीम घे. मात्र तो छज्ज्याच्या खालच्या बाजूलाच दे, म्हणजे खोलीत उजेड जास्त येईल. वरच्या बाजूला दिलास, तर एका पावसाळ्यात शेवाळाचे काळे ओघळ दिसू लागतील.

खिडक्यांना गडद बॉटल ग्रीन बेलाशक दे. लालासमोर हिरवा उठून दिसतो, पण गडदच हवा. पोपटी दिलास तर दोघे एकमेकांवर ओरडतील. चॉकलेटीच्या मोहात पडू नकोस. तो विटेत मिसळून जातो आणि लांबून खिडक्या दिसतच नाहीत. मोरपंखी आवडतो ना? तो एकट्या मुख्य दाराला दे. दार धरून तीन रंग पुरे.

नमुना भिंतीवर रंगवू नकोस, विटेतून तो निघत नाही. दोन फुटी प्लायच्या तुकड्याला दोन हात देऊन तो भिंतीला टेकव आणि सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी बघ. मग शेजारच्या विटांवर बादलीभर पाणी ओत. ओली वीट बरीच गडद होते, आणि पावसाळाभर तुला तीच बघायची आहे.

ग्रिलचा गंज घासून आधी रेड ऑक्साइड लाव. वर क्रीम देणार असलीस तर एक हात जास्त धर, नाहीतर खालचा तांबडा डोकावतो. विटांवर लोणा आला तर कोरड्या ब्रशने झाड, धुऊ नकोस. आणि विटांना ऑइलपेंट सुचवणाऱ्याला चहा पाजून परत पाठव. आतली ओल कोंडते आणि रंगाचे पोपडे सुटतात.

काम दसऱ्यानंतर काढ, भिंत सुकलेली असते. शेड नंबर मीटरच्या पेटीच्या झाकणाआड लिहून ठेव. पुढच्या वेळी रिकामा डबा शोधत बसावं लागणार नाही.

– काका