न्यायासनावर कोण?

हजरत ईसा (अलै.) पुन्हा पृथ्वीवर येतील, ही मुस्लिम व ख्रिस्ती अशा दोघांचीही श्रद्धा आहे. मतभेद त्यापुढचा आहे. इ.स. ३२५ मधील निकिया परिषदेच्या श्रद्धासूत्रानुसार ते जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यास येतील. हदीसनुसार ते न्यायी शासक म्हणून येतील, दज्जालचा अंत करतील आणि इतर मानवांप्रमाणे मृत्यू पावतील. सूरह माइदाच्या अखेरीस तर अल्लाह त्यांनाच विचारतो, की आपणास व आपल्या मातेस उपास्य मानण्यास त्यांनी लोकांना सांगितले होते काय? ते नकार देतात आणि त्या लोकांचा निर्णय अल्लाहवरच सोपवतात. ख्रिस्ती श्रद्धेतील न्यायाधीश येथे उत्तर देण्यास उभा आहे!

आता त्या दिवशीची विचारणा पाहा. मत्तयच्या शुभवर्तमानातील २५व्या अध्यायात भुकेलेला, तहानलेला, परका, वस्त्रहीन, आजारी व कैदी यांच्याशी माणूस कसा वागला, यावर निवाडा होतो. सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्येही आजारी, भुकेला व तहानलेला यांच्याविषयीच अल्लाह जाब विचारतो. या साम्याने वाचकांनी दचकू नये. पूर्वीच्या ग्रंथांची पुष्टी करणारा, अशीच कुरआन स्वतःची ओळख देतो.

त्या हदीसमध्ये दास चकित होऊन विचारतो, की सर्व विश्वांच्या पालनकर्त्याच्या आजारपणात विचारपूस करायची तरी कशी? त्याला सांगितले जाते, की अमुक दास आजारी होता. तू त्याच्याकडे गेला असतास, तर मी तुला त्याच्यापाशीच आढळलो असतो.