चुंबकाला हात लावण्याआधी

अगं, फ्रिज २० मिलिकेल्विनला पोचला की सगळ्यांचेच हात शिवशिवतात. तू मात्र पहिला दिवस स्पिनचं नाव काढू नकोस. चुंबक बंद ठेव आणि रेझोनेटर नुसता बघ. वारंवारता किती, क्यू (गुणवत्ता गुणक) किती, पॉवर वाढवली की रेझोनन्सची रेघ कुठून वाकायला लागते, सगळं वहीत उतरवून घे. पुढे काही बिघडलं की हीच वही कामाला येते.

मग चुंबक. क्षेत्र रेझोनेटरच्या अतिवाहक फिल्मला अगदी समांतर असलं तर ती बरंच सोसते. जरा तिरकं झालं की तिच्यात चुंबकीय भोवरे शिरतात आणि क्यू कोसळतो. म्हणून आधी लहानशा क्षेत्रावर कोन थोडा थोडा बदल. जिथे वारंवारता सगळ्यात कमी घसरते तो कोन धर, मगच क्षेत्र वाढव, तेही एकाच दिशेने. पुढे गेलीस म्हणून मागे आलीस, तर रेझोनेटर जुन्या जागी येत नाही, भोवरे अडकून बसतात. मी एकदा असाच मागे-पुढे करत आठवडाभर एका खोट्या उडीला स्पिन समजत होतो! तसं झालं तर फिल्म तापवायची (नायोबियम ९.२ केल्विनच्या वर, ॲल्युमिनियमला १.२ पुरे) आणि शून्य क्षेत्रात पुन्हा थंड करायची.

मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनला ७ गिगाहर्ट्झवर रेझोनन्ससाठी पाव टेस्ला लागतो. ॲल्युमिनियमला तो जड जातो. फ्रान्समधल्या साक्लेच्या मंडळींनी म्हणूनच सिलिकॉनमधला बिस्मथ घेतला. त्याच्या पातळ्यांत शून्य क्षेत्रातच ७.४ गिगाहर्ट्झचं अंतर असतं, थोडे मिलिटेस्ला पुरतात. २०१६मध्ये त्यांना एका एकोत (पल्सनंतर स्पिनकडून परत येणाऱ्या सिग्नलमध्ये) १७०० स्पिन ओळखता आले.

एको मिळत नसेल तर लगेच सरासरी वाढवू नकोस. एवढ्या थंडीत स्पिन फार आळशी होतात, पूर्ववत व्हायला कधी कधी कित्येक मिनिटं घेतात. पल्स घाईने मारलेस तर ते दमलेलेच सापडतात. दोन पल्समालिकांमधला वेळ दुप्पट कर. सिग्नल वाढला तर तुझी घाईच नडत होती.

आणि जी-गुणांक दोनच्या आसपास शिखर दिसलं तर पेढे आणू नकोस. पृष्ठभागावरचे तुटके बंधही तिथेच बोलतात. आधी नमुन्याशिवायची कोरी चिप लाव. तीही तेच दाखवत असेल, तर तुझे स्पिन अजून सापडायचे आहेत.